आपल्या घरातली रग

आबा, मागच्या रविवारी मी तुम्हांला हार्ट अटॅकनं मारलं. जयसिंगपूरला, तिच्या घरी, हातात पोह्यांची बशी धरून. ती म्हणजे कॉलेजात माझ्या वर्गात होती ती, जिच्याशी मला लग्न करायचं आहे. तिचे वडील हायस्कूलमधून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी सरळ विचारलं, "वडील कशानं गेले हो तुमचे?" आणि तोंडात तयारच असल्यासारखं आलं, "अटॅक. झोपेतच." वर "कसलं व्यसन नव्हतं त्यांना," असंही जोडलं. तेवढं खरं होतं, म्हणून जरा जोरात म्हणालो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला तुमचं सगळं ठाऊक आहे. ती नुसती बघत राहिली.

एसटी स्टँडवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाबांना खरं मी सांगणार नाही. वडील तुझे, तूच सांगायचं." मी म्हटलं, नाही म्हणाले तर? "तर नाही म्हणतील. मग बघू की." हे 'बघू की' ऐकून माझं डोकं फिरलं. फलाटाच्या खांबाला सणसणीत लाथ घातली, माणसं वळून बघायला लागली, आणि मी माझं नेहमीचं बोललो, "माझ्या रक्तातच हाय ते. बापाची रग हाय." ती खांबाकडं बघत म्हणाली, "लाथ तू घातलीस. रक्ताला काय पाय असत्यात व्हय?" गाडी आली. खिडकीतून हात करायचा राहिला, कारण पायाचं बोट ठणकत होतं आणि ती कळ मला तोंडावर तिला दिसू द्यायची नव्हती.

ही रग मला तुम्ही गेल्यावर गल्लीनं दिली. आपल्याकडं हा शब्द कौतुकाचाच. तान्हं पोर मूठ सोडेना तरी "रग हाय पोरात" म्हणतात. मी शाळेत कुणाला बडवून आलो की कट्ट्यावरची माणसं म्हणायची, "कुणाचं पोरगं हाय ते! बापाची रग हाय." मला बरं वाटायचं. तुमचं म्हणून दुसरं होतं काय माझ्याकडं? एक तो पितळी भवरा. तुम्ही कारखान्यातल्या लेथ मशीनवर उरलेल्या तुकड्यातून काढून दिलेला. मी शेडच्या दाराशी उभा आहे, तुम्ही भवरा पॅंटला पुसून माझ्या तळव्यावर ठेवता, तो अजून गरम आहे, आणि मी तो सोडत नाही म्हणून तुम्ही हसता. तुमचं हसणं मला एवढं एकच आठवतं.

मग लेथच्या आवाजातून तुम्हांला कुणीतरी बोलवायला लागलं. आई आणि चुलत्यांनी मिरजेला डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले. पण तुम्ही जाड झालात, बोलणं सावकाश झालं, हात थरथरायला लागले. कुणी हाताकडं बघितलं की म्हणायचात, "दिवसभर मशीनवर हुतो, रग लागलीया हाताला." शिणलेल्या हाताच्या कळेलाही आपण रगच म्हणतो. कट्ट्यावरनं आवाज यायचा, "काय पावणं, जिरली व्हय रग?" शेवटी चुलते म्हणाले, "वाघासारखा माणूस मेंढरू केला ह्या गोळ्यांनी. बंद कर त्या." तुम्ही बंद केल्या. काही दिवसांनी तुम्ही आमच्यावर पुन्हा खेकसायला लागलात, तेव्हा घरात जवळजवळ सण होता. आला माणूस ठिकाणावर, म्हणून चुलत्यांनी पेढे आणले होते. आजाराला आम्ही रग समजलो आणि औषधाला आजार. दुसऱ्या कुठल्या गावात अशी चूक झाली असती का, मला माहीत नाही. आपल्या गल्लीत ती पेढे वाटून झाली.

पुढचं तुम्हांला कितपत आठवत होतं कुणास ठाऊक. सकाळ आहे. मी नळावर तोंड धुतोय. शेजारचे काका आपल्या सगळ्यांच्या सामाईक टाकीत जंतू मारायची पावडर टाकतायत, दर पावसाळ्यात टाकायचे तशी. तुम्ही हातात पाना घेऊन पळत येता. मला फक्त पाना दिसतो आणि काकांचं ओरडणं ऐकू येतं. त्यांचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. मग पोलीस, केस, मनोरुग्णांचं इस्पितळ, आणि एका हिवाळ्यात तिथंच न्यूमोनियानं तुम्ही गेलात. अटॅक नव्हता.

मानसशास्त्र घेतलं ते तुमच्यामुळंच. दुसऱ्या वर्षाला मॅडम गुन्हेगारी आणि मनाचे आजार शिकवत होत्या. म्हणाल्या, आजाराचा कल रक्तातून येऊ शकतो, पण अगदी एकसारख्या जुळ्या भावांतही एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही. घर कसं आहे, माणसाला काय सोसावं लागलं, औषध मिळालं की नाही, यावर पुष्कळ असतं. आणि मनानं आजारी असलेली बहुतेक माणसं कुणाला बोटही लावत नाहीत, उलट तीच मार खातात. मी भराभर उतरवून घेत होतो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तुमच्याबद्दल नीट बोलत होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे मॅडम, वेड्याच्या पोराला पोरगी देऊ नये म्हणत्यात ते खरंच की!" वर्ग हसला. त्याला माझं काही माहीत नव्हतं, सहज बोलला. मी बाकावरून उडी मारून त्याचा दात पाडला. प्राचार्य म्हणाले, पालकांना घेऊन या. मी परत गेलोच नाही. मॅडमनी फळा पुसायच्या आधी मी त्यांच्या धड्याचं चुकीचं उदाहरण होऊन बाहेर पडलो होतो. आता उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मशीनवर असतो. लेथ राहिले नाहीत फारसे, बटणं दाबायची असतात. आवाज मात्र तसाच येतो, आणि पहिले काही महिने मी तो कान देऊन ऐकायचो, कुणी बोलतंय का म्हणून.

जयसिंगपूरहून आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. पाय चोळत विचारलं, "त्या दिवशी आबांना एवढा राग कशाचा आलता गं?" तिचा हात थांबला. "राग? राग कुठला आलता त्यास्नी. भ्यालं हुतं ते. कापत हुतं नुसतं. तू त्या टाकीच्या पाण्यानं तोंड धूत हुतास न्हवं? 'इख घातलंय पाण्यात, पोराला आत घे, पोराला आत घे' म्हणत पळालं."

मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं नाहीस.

"तू कवा इचारलंस? तू आपला 'बापाची रग, बापाची रग' करत हिंडायचास. म्हटलं, पोराकडं बापाचं तेवढंच हाय, असू दे."

भाकरी करपली त्या दिवशी. दोघांनी तशीच खाल्ली.

म्हणजे आबा, तुमच्याकडं रग नावाची ती वस्तू नव्हतीच. इतकी वर्षं जे जे फोडलं मोडलं ते मी तुमच्या नावावर टाकत आलो, आणि तुम्ही तर त्या पावडरीला विष समजून भिऊन पळाला होता, माझ्यासाठी. काकांचा हात रागानं काय आणि भीतीनं काय, मोडला तो मोडलाच, हेही खरं आहे. त्यांच्यासमोर हे मी बोलू शकणार नाही. पण त्या मुलाचा दात, तो खांब, ते सगळं माझंच. तुमच्यासारखे आवाज मला उद्या ऐकू येतील का, ते सांगता येत नाही. आले तर गोळ्या घ्यायच्या, आणि चुलत्यांना पेढे आणू द्यायचे नाहीत.

काल कामावरनं आल्यावर तिच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, सर, मी खोटं बोललो, आणि सगळं सांगितलं, पाना, पावडर, इस्पितळ. मधे त्यांनी टीव्ही बंद केल्याचं कळलं. मग विचारलं, "आणि तुमचं स्वतःचं?" मी म्हटलं, आजार नाही अजून. राग आहे, तो माझा मी लावून घेतलेला आहे. "कुणाला दाखवलंय?" नाही, दाखवतो. मग म्हणाले, "रविवारी या. आईंना घेऊन या. समोरासमोर बोलू." होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तिनं मेसेज केला, 'बघू की.'

उद्या रविवार. भवरा खिशात टाकणार आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तिलाही दाखवायचं नाही. ती आधी शुद्धलेखनाच्या चुका काढेल.

एवढंच सांगायचं राहिलं. काल फोन ठेवला तेव्हा हात इतका थरथरत होता की मोबाईल धरवेना. आईनं बघितलं. "काय झालं रं हाताला?" म्हणाली. मी म्हटलं, "काय न्हाय. दिवसभर मशीनवर हुतो, रग लागलीया."

रग नव्हती, आबा.