मागच्या भिंतीवरचं खोकं

प्रिय ठकूस,

उन्हावर पाणी तापवायची काचपेटी, अंघोळीचं पाणी गाळणारं वाळूचं टाकं, ओल्या कचऱ्याचं फिरतं पिंप, छतावरचा पांढरा लेप आणि खिडकीतली मातीच्या नळ्यांची गार जाळी. एवढं मी या हातांनी केलं, शाळा नववीत सुटलेली असताना. जाळी तर दोनदा उतरवून पुन्हा बांधली, कारण पाण्याचा उतार चुकत होता. दर रविवारी लोक बघायला यायचे आणि मी सांगायचो, या घरात एसी नाही, मी असेपर्यंत येणारही नाही. हे तुला पाठच आहे. दमट हवेत ती जाळी काही कामाची नाही, हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

मागच्या उन्हाळ्यात तू बाळाला घेऊन आलीस. त्याचं अंग घामोळ्यांनी भरलं, तू म्हणालीस, बाबा, महिनाभर भाड्याने एसी आणू या. मी पाहुण्यांसमोर म्हणालो, बघा, घरचंच माणूस फितूर झालं. ते हसले. तू संध्याकाळी बॅग भरलीस. तेव्हापासून तुझे फोन आईलाच येतात.

तुला एक माहीत नाही. त्या दिवसांत भर दुपारी मी बँकेत असायचो. काम काही नसायचं, गारवा असायचा. टोकन घ्यायचं आणि नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचं. शेवटी शिपायाने विचारलं, काका, तुमचं काम तरी काय आहे? आईला मी हे कधी बोललो नव्हतो, पण तिला सगळं ठाऊक होतं. तू गेल्यावर डोक्यावर ओला टॉवेल ठेवून ती एवढंच म्हणाली, तुमचं तत्त्व दुपारी बँकेत जाऊन बसतं, मी इथे त्याचं घर राखते.

मग मागच्या खोलीला एसी बसवला. जुनाच घेतला, उघडून धुतला. गॅस भरायला मात्र माणूस बोलावला, कारण ते मला येत नाही. दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, त्यामुळे तो थोडाच वेळ लावावा लागतो. पाहुण्यांना आता आधी तो दाखवतो, बाकीचं मग. काही जण तिथूनच माघारी फिरतात. फिरू देत.

उन्हाळा तोंडावर आला आहे. ती खोली तुमची. बाळाची खाट मावते, मोजून बघितलं. पोर आता चालत असेल, म्हणून वायरी उंचावरून नेल्या आहेत. आणि आई फोनवर तिखटमीठ लावून सांगायच्या आत हेही ऐक. परवा एक बिल्डर आला होता. नव्या इमारतींच्या जाहिरातीसाठी त्याला आपलं घर हवंय, खाली ओळ टाकणार, बिनएसीचं घर. म्हणाला, मागच्या भिंतीवरचं ते खोकं तेवढं उतरवा, जाहिरात बघून लोक उन्हाळाभर हे घर बघायला येतील. उन्हाळा संपला की खुशाल परत लावा. म्हणजे नेमके तुमचे यायचे दिवस. मी नाही म्हटलं. चार लाख देत होता.

तुझाच,
बाबा