आईच्या खांद्यावरची बोटं

ल्युबोमिर,

मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "भावाला सगळं लिहा, पण पाठवू नका." मी म्हटलं, "बरं, पोस्टाच्या तिकिटाचे पैसे वाचले."

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी इमारतीच्या दारावर तू रिवाजाप्रमाणे तिच्या फोटोचा छापील कागद चिकटवलास. त्यावर लिहिलंस, "मुलाने अखेरपर्यंत सेवा केली." तिची घाण मी काढली. तू व्हिएन्नाहून फक्त ईस्टरला फोन करायचास.

शेजारच्या पेन्काबाईंनी विचारलं, "अगं, इतका राबणारा भाऊ आम्हाला जिन्यात कधी दिसला कसा नाही?"

मला तुझी किळस आली. कागद फाडायला गेले आणि थांबले. फोटोतून तू मला कापलंस, पण आईच्या खांद्यावरची माझी बोटं तशीच राहिलीत.

राहू दे कागद. येणारे-जाणारे बघतील.

रुमियाना