दवर आणि दवड

३ नोव्हें.
मामांच्या, म्हणजे सासरेबुवांच्या, पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली. बरं झालं. सकाळपासून पुस्तकं झटकतायत, मला उंबऱ्याबाहेर उभं करून. "पुस्तकांक हात लावं नाका गो." आठ वर्षं झाली पेडण्यात येऊन. कोल्हापूरला मराठीत एम. ए. केलेली बाई, यांच्या लेखी अजून घांटीच.

५ नोव्हें.
छाटणी. खिडकीखाली ठेवायची, दाराशी रद्दीची. खिडकीखाली अर्थात त्यांची नाटकं. जत्रेत केलेल्या नाटकांच्या जुन्या वह्या, कोणी कुठून यायचं, कुठे रडायचं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. पुन्हा मिळायच्या नाहीत. दाराशी कादंबऱ्या, त्यांना भेट आलेल्या. लग्नात मीही ट्रंकभर आणल्या होत्या. पहिल्या चवथीला, गणपतीत मी माहेरी गेलेली असताना, परस्पर रद्दीत घातल्या. "हलकीं पुस्तकां" म्हणे. तेव्हा न्हाणीत नळ सोडून रडले. आता रडत नाही.

८ नोव्हें.
मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धुळीत जायचं नाही, वाचायचं नाही. खाटेवरून फर्मान, "खिडकेकडलीं दवर गो. रद्दीवालो आज येतलो."

इथे दवर म्हणजे ठेव. आमच्याकडे दवड म्हणजे घालव. नवी नवरी असताना एकदाच चुकले, "हुमण दवर" म्हटल्यावर कालवण ओतून टाकलं. आल्यागेल्याला ते सांगून अजून हसतात.

म्हटलं, "बरं मामा."

खिडकीखालची सगळी रद्दीवाल्याच्या टेंपोत घातली. दाराशी होत्या त्या कादंबऱ्या पुसून कपाटात लावल्या. नंतर चहा केला, छान झाला होता.

११ नोव्हें.
रोज विचारतात, "दवरलंय मगो?" मी हो म्हणते. काल म्हणाले, एक काढ, दुसरा अंक वाचून दाखव. म्हटलं, भाकऱ्या राहिल्यात. मग स्वतःच पाठ म्हणत बसले, मध्येच अडले. "बरयलां थंय. मागीर पळयतां." वहीत लिहिलंय, नंतर बघतो, म्हणे. मला वाईट वाटलं. त्याचाच राग आला.

१५ नोव्हें.
आज मामा उठून कपाटाशी गेले. एकेक कप्पा बघितला. मग परत पहिल्यापासून.

नवरा वास्कोहून आलेला, तो माझ्यावर ओरडला. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं, "मला दवड ऐकू आलं." भांडायची तयारी होती. मामा खाली बसले. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाले, "तिका बोलू नाका रे. घांटी मनीस, आमचो शब्द तिका खंय कळतलो? चूक माझीच."

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा. झटकून टाकावासा वाटला.

१७ नोव्हें.
शेजारणीलाही तेच. "बरी आसा गो ती, पूण भास कळना." ती माझ्याकडे कीव करून बघत होती. मला शब्द कळला होता, मामा. तुमच्याइतकाच कळला होता. हे सांगायची चोरी. जिंकले मी, आणि ठरले मठ्ठ.

१८ नोव्हें.
रद्दीवाल्याचा फोन. गठ्ठे अजून बांधलेलेच, हातानं लिहिलेलं दिसतंय, चुकून तर नाही ना दिलं? मामा समोरच, पंख्याखाली.

"कोण गो?"

"राँग नंबर," म्हटलं.

उद्या दुपारपर्यंत थांबतो म्हणालाय.