कानाशी मोडलेला पापड

आबा, आज तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की आता तरी ऐकून घ्यायला तुम्हाला सवड असेल. हयातीत कधी ऐकलं नाहीत. ‘बोलून झालं? मग जा, गंध उगाळ,’ एवढंच.

मी देवळात पहिल्यांदा पुराण सांगणार, त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. तुम्ही पाटावर जेवताय, आई चुलीपाशी आहे, आणि मी ऐटीत म्हणतो, ‘ते अरण्य घनदाट होते.’ तुम्ही ताकाचा घोट घेता. ‘हो का? बरं झालं सांगितलंस. मी आपला समजत होतो, विरळ असेल.’ आई पदराआड हसते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग तुम्ही उपरण्याने माझे डोळे बांधता, मुठेकाठी नेता आणि हातात एकेक वस्तू ठेवता. मोटेचा ओला नाडा. सुंठेचा तुकडा. पागेतलं शिळं गवत. ‘नाव सांगू नकोस, वास सांग. हाताला कसं लागतं ते सांग. पूर्वी कधी हाती आलं होतं, तेव्हा जवळ कोण होतं, ते आठव. डोळा काय, कुणाच्याही भरीला पडतो. ऐकणाऱ्याला डोळे मिटावेसे वाटले, तर तू पुराणिक.’ मग रोज दिवेलागणीआधी हाच पाठ. तांबट आळीत नुसत्या ठोक्यावरून घागर कुठली आणि परात कुठली ते ओळखायचं, चुकलं की तुम्ही कान पिळायचात. विद्या आली, आबा. नको इतकी आली.

तुमचा नातू तुम्ही पाहिला नाहीत. सरकारी फडावर कारकून होता, लष्कराबरोबर उत्तरेत गेला. त्या संक्रांतीला तिकडे घात झाला आणि पुण्यात घरोघर रडारड झाली. कुणाच्या माणसाची खबर आली, कुणाच्या नाही. आमच्याची आली नाही. लग्न झालेलं होतं, पण सून माहेरीच होती, परकरातली पोर. तो येईल तेव्हा बायको घरात हवी, या माझ्या हट्टापायी ती नांदायला आली, नवरा नसलेल्या घरात. तुमची सून, माझी बायको, मुलाची वाट पाहत मागोमाग वारली. उरलो आम्ही दोघं. एकदा पोरगी दाराआडून म्हणाली, ‘मामंजी, मला अंतरपाट तेवढा आठवतो. तिकडची स्वारी कशी होती, सांगाल का?’

काय करणार होतो? तुमचाच पाठ काढला. डोळे मिटले आणि सांगत गेलो. बोटांना काजळाच्या शाईचा वास यायचा. हसता हसता उचकी लागायची. जिना उतरताना शेवटची पायरी गाळून उडी मारायचा, ती धप्पकन वाजायची. पोरगी हरखून ऐकायची. मग तेच देवळात यशोदेच्या तोंडी घातलं. समोरच्या बायकांचीही माणसं गेलेली, त्या हुंदके देऊ लागल्या. दर चातुर्मासात लोक म्हणायचे, बुवा, तेच सांगा. सांगून सांगून आठवणी सरल्या, पण पोरगी दाराआड बसलेलीच. ‘आणखी काय, मामंजी?’ तेव्हा एकदा म्हणालो, पापड कानाशी धरून मोडायचा, आवाज ऐकून मगच खायचा. असलं त्याने कधी केलं नव्हतं. मी रचलं. तिला इतकं आवडलं की देवळातही सांगितलं.

परवा दारात एक माणूस उभा राहिला. भाजलेला गाल, वाढलेली दाढी. ‘नाना, आलो मी,’ म्हणाला. हल्ली तोतयांना ऊत आला आहे, म्हणून मी ओटीवरच बसवला. विचारेन त्याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. हसला, उचकी लागली. वाटलं, उठून मिठी मारावी. मग पान वाढलं. त्याने पापड उचलला, कानाशी नेला आणि मोडला.

दाराआड सुनेला रडू फुटलं. ‘मामंजी, हेच ते! आपण सांगितलंत तस्सेच!’

माझा घास हातातच राहिला. देवळाच्या ओवऱ्यांत वाटसरू निजतात, पुराण कुणीही ऐकतं. मेल्याने सगळं माझ्याच तोंडून उचललं होतं. आता याला कशाने पारखू, आबा? कुणालाच न सांगितलेली अशी एक तरी खूण मुलाची माझ्यापाशी असायला हवी होती. दोन दिवस शोधतो आहे. नाही. सगळी वाटून बसलो. डोळे मिटून त्याचा खरा आवाज आठवू जातो, तर याचाच ऐकू येतो. माझा मुलगा उत्तरेत एकदा गेला असेल, इथे मी त्याला दुसऱ्यांदा घालवला. वर्णन करायला शिकवलंत, थोडं झाकून ठेवायला का नाही शिकवलंत हो?

उद्या पेठेतली जाणती माणसं येणार आहेत, तोवर याला माडीवर उतरवला आहे; हा माझा मुलगा की नव्हे, ते माझ्या शब्दावर ठरणार. ‘नव्हे’ म्हटलं, तर त्या पोरीचं कुंकू मीच पुसल्यासारखं. ‘हाच’ म्हटलं, तर तिला परक्याच्या स्वाधीन केलं. आज सकाळी पहिल्यांदा ती माझ्यासमोर मोठ्याने हसली. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मला तिच्याकडे पाहवेना.

हा कागद कुठल्या जासुदाच्या हाती देऊ? चुलीत घालीन. पण एवढं सांगतो, रागावू नका. मघाशी मी ओटीवर डोळे मिटून बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली, शेवटची पायरी गाळून कुणी धप्पकन उडी मारली आणि हाक आली, ‘नाना!’

मी ओ दिली, आबा.