थोडा म्हणजे किती

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून व्हॉट्सअ‍ॅपवर वाद बंद. दुकानात लक्ष घालायचं. बस स्टँडसमोर स्टेशनरीचं दुकान आणि मालकाची मान मोबाइलमध्ये, असं इंदू म्हणते. बायकोचंही कधी कधी ऐकावं.

संध्याकाळी. बबनरावांनी ‘नेर विचारमंच’ ग्रुपवर टाकलं की नेरमधल्या बऱ्याच लोकांनी साखर सोडली. बरेच म्हणजे किती, एवढंच विचारलं. हा वाद नाही, प्रश्न आहे.

४ नोव्हेंबर
बबनराव म्हणतात, बरेच म्हणजे बरेच. रिटायर्ड कंडक्टर. जन्मभर ‘मागं बरीच जागा हाय’ म्हणत माणसं कोंबली, त्यांना काय कळणार? तसं लिहिलं. बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. मोजून पाहिलं. काही जणांनी टाकले.

५ नोव्हेंबर
दुकान उशिरा उघडलं. तक्ता करून ग्रुपवर टाकला. थोडे म्हणजे पावाच्या आत. काही म्हणजे पाव ते अर्धा. बरेच, अर्ध्याच्या वर. बहुतेक, पाऊण. मराठी भाषेचा एक प्रश्न नेरमध्ये सुटला.
उद्यापासून ग्रुप बंद.

९ नोव्हेंबर, रविवार
मारेगावचे पाहुणे आमच्या निशिगंधाला पाहून गेले. मुलगा रजत, बँकेत आहे. स्थळ बबनरावांनीच आणलेलं, त्यामुळे दिवसभर त्यांच्याशी गोड बोलावं लागलं. जबडा दुखतो आहे.
मुलगा मला फार आवडला. स्वतःचा कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. पाहुणे गेल्यावर निशिगंधाला विचारलं, पसंत आहे का? ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “थोडा आवडला.”
थोडा. तक्ता उघडून पाहिला.

१० नोव्हेंबर
झोप नाही. पावाच्या आत पसंती आणि आख्खा जन्म काढायचा? पोरीवर जबरदस्ती करणारा बाप मी नव्हे. इंदू सकाळपासून गाणं गुणगुणते आहे. तिला विचारलं नाही. ती भावनेच्या भरात निर्णय घेते. बबनरावांना मेसेज केला: ‘मुलीची पसंती पावाच्या आत आहे. क्षमस्व.’
मोकळं वाटलं.

११ नोव्हेंबर
मारेगावहून इंदूला फोन आला. तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, “अवो, पोरगी बापापुढं अजून काय सांगन? परवापासून त्याचाच फोटो पाहून राह्यली ते.”
निशिगंधा जेवली नाही. दार लावून आहे.
बबनरावांना फोन केला. नकार जरा वेगळ्या शब्दांत कळवता आला नसता का? ते म्हणाले, “तुमचा मेसेज जसाच्या तसा धाडला. मापात फरक नोको पडाले.”
माणूस मनात धरतो.

१३ नोव्हेंबर
मारेगावला जाऊन आलो. मध्यस्थ म्हणून बबनरावांनाच सोबत न्यावं लागलं. यवतमाळला बस बदलेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मी तिकीट वाचत होतो.
रजतच्या वडिलांना तक्ता समजावून सांगितला. निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं, त्यांचा चेहरा उतरत चालला आहे. रजत दारात उभा होता, तो आत निघून गेला. मग घाईघाईनं म्हटलं, बऱ्यापैकी गैरसमज झाला माझा. बबनराव पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. बऱ्यापैकी म्हणजे किती, असं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
वडील म्हणाले, “पाहू.”
परतताना बसमध्ये तेवढा एकच शब्द डोक्यात. तक्त्यात तो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
मारेगावहून काही नाही. निशिगंधा माझ्याशी आईमार्फत बोलते. चहासुद्धा टेबलावर ठेवून निघून जाते.
मघाशी धीर करून तिच्या दारापाशी गेलो. विचारलं, माझा राग आला का गं?
तिनं वर न पाहता सांगितलं, “थोडा.”
तक्त्याप्रमाणे पावाच्या आत. तक्ता बरोबर असावा, असं आज फार वाटतं आहे.