घोडीच्या पायावरचा उजेड

बाबा, तुम्ही गेलात त्याला सव्वीस वर्षं झाली आणि मी पोटासाठी काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही. मी जनावरांना उजेड देते. हसू नका. एक छोटी पेटी असते, तिला वायर, वायरच्या टोकाला टॉर्चएवढी मूठ. त्यातून लाल उजेड येतो आणि त्याच्यासोबत डोळ्यांना न दिसणाराही येतो. सुजलेल्या शिरेवर, आखडलेल्या कंबरेवर तो ठरलेला वेळ फिरवायचा. सूज उतरते, दुखणं हलकं होतं. सगळ्यांचं होत नाही, पण बऱ्याच जणांचं होतं. मी डॉक्टर नाही. जनावरांचे डॉक्टर तपासतात, कुठे आणि किती ते लिहून देतात आणि मग मी पेटी घेऊन जाते. मांडव्याच्या बाजूला आता बंगलेच बंगले झालेत. तिथल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याकडे मी आठवड्यातून दोनदा जाते. कधी कधी त्याची मालकीण फोन करून सांगते, 'आज साहेबांचा मूड नाही, उद्या या.' साहेब म्हणजे कुत्रा. तुम्ही पोट धरून हसला असतात आणि मग विचारलं असतंत, पण गुण आला का त्याला? आला. जिना चढतो आता.

तुमच्याकडे असला उजेड नव्हता. तुमच्याकडे समुद्राचं पाणी होतं, बिब्ब्याचं तेल होतं आणि अगदीच काही चालेना झालं की डागणी होती. मुरूडच्या किनाऱ्यावर दिवसभर घोडागाडी हाकून झाली की तुम्ही घोडीला गुडघाभर पाण्यात उभी करायचात आणि घरी आणून तिच्या पायांना ते काळं तेल चोळायचात. तुम्ही मागच्या पडवीत बिब्बे तेलात कढवायला बसलात की आई आम्हाला पुढच्या दारी पिटाळायची, अंगावर उठेल म्हणून. तो कडवट, जळका वास दोन दिवस घरातून जायचा नाही. मी नववीत असताना आपल्या लाल घोडीचा पुढचा पाय धरला. पाणी झालं, तेल झालं, लंगडणं काही थांबेना. मग ती रविवारची सकाळ. तुम्ही चुलीतून सळई काढता, टोक लालभडक झालेलं आहे. मला म्हणता, "तिचं तोंड धर गं बाय, तुज्यापाशी ती गप ऱ्हाते." मी धरते. ती माझ्या खांद्यावर मान टाकते, आणि मग चर्र असा आवाज होतो. घोडागाड्यांच्या अड्ड्यावरची चार माणसं बघायला आली होती. त्यांच्यासमोर मी तुम्हाला कसाई म्हणाले. तुम्ही हात उगारला नाहीत. सळई बादलीत टाकलीत आणि म्हणालात, "मला दुसरं काय येतंय?"

घोडी महिन्याभरात चालायला लागली. डागण्याने की महिन्याच्या विश्रांतीने, कोण जाणे. मला तरी आता वाटतं विश्रांतीनेच. पण तुम्ही अंग घासायला खरारा घेऊन त्या बाजूला गेलात की ती तो पाय उचलून धरायची. गाडीत बसणारे पाहुणे विचारायचे, हिच्या पायाला काय झालंय हो? तुम्ही सांगायचात, "मीच डागलंय." प्रत्येकाला, न विचारता कधी कधी. मी शरमेने अर्धी व्हायचे. वाटायचं, एवढं खरं कशाला बोलायचं, दगडावर पडली होती म्हणा, कोण तपासायला येणार आहे! त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले, कॉलेजला मुंबईला गेले आणि तुम्ही वारलात तेव्हा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. हे काम शिकल्यापासून तुम्ही येता. म्हणजे दिसत नाही, मी काही वेडी झालेले नाही. पण मी पेटी चालू करते, डोळ्यांवर त्या उजेडापासून वाचवणारा हिरवा चष्मा चढवते, मूठ जनावराच्या अंगाला लावते, आणि कितीतरी वेळा मला बिब्ब्याच्या तेलाचा वास येतो. एसी लावलेल्या बंगल्यात, सेंट मारलेल्या कुत्र्याजवळसुद्धा येतो. पहिल्यांदा मी घाबरले. मालकिणीला विचारलं, कसला वास येतोय का? ती म्हणाली, नाही बाई. मग पुन्हा आला, पुन्हा आला, आणि मला तुम्ही माझ्या पाठीमागे उभे राहून बघताय असं वाटू लागलं, मी चुकते कुठे ते. मला त्याचा राग यायचा. नंतर सवय झाली. वास आला की मी मनात म्हणायचे, आलात का, बघा मग, न भाजता कसं बरं करतात ते. असं मी तुम्हाला खूपदा हिणवलं आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर अड्ड्यावरच्या काकांचा निरोप आला. तुमच्याहून लहान, तुमच्या हाताखाली गाडी हाकायला शिकले ते. आता ते आगरदांड्याच्या रस्त्याला राहतात, बायको गेली, घरात सून आहे. एकच घोडी उरली आहे, इतकी काळी की सावलीत तिचे डोळेच दिसतात. तिच्या पुढच्या पायाची शीर सुजली होती. डॉक्टरांनी तपासून उजेड लिहून दिला आणि मी गेले. काकांनी मला बघितलं आणि रडायलाच लागले. "तुजा बाबा असता तर," म्हणाले. घोडीवर त्यांचा जीव. दिवसातून चार वेळा तिचे पाय चाचपायचे, तिच्याशी गप्पा मारायचे, सून चिडवायची की सासूबाईंशी एवढं बोलला असतात तर त्या आणखी दहा वर्षं जगल्या असत्या. तीन वेळा मी जाऊन आले. सूज निम्म्यावर आली. काका खूश होते.

चौथ्या वेळची सकाळ. घोडी दाराशी बांधलेली आहे, काका तिच्या कपाळावर हात ठेवून उभे आहेत. मी चष्मा चढवते. त्या हिरव्या काचेतून काळ्या घोडीचा पाय म्हणजे नुसता अंधार. मूठ लावते आणि वास येतो. नेहमीसारखा पुसट नाही. डोक्यात जाणारा, घसा धरणारा, मागच्या पडवीतला. या कामाचे नियम दोनच आहेत, बाबा. अंग धुतलेलं, कोरडं पाहिजे, कारण काळ्या रंगात, तेलकट अंगात उजेड मुरतो आणि कातडं तापतं. आणि मूठ एका जागी थांबवायची नाही, फिरती ठेवायची. वास आला तेव्हा मी पाय बोटाने पुसून बघायला हवा होता. मी डोळे मिटले. मला वाटलं, आज तुम्ही इतके जवळ आलात. मी मनात म्हणाले, बाबा, बघा. आणि माझा हात थांबला. किती वेळ ते मला माहीत नाही. घोडीने पाय उचलला. मी तो दाबून खाली ठेवला आणि म्हणाले, "हो हो, झालं हं." शहाणी घोडी, पुन्हा उभी राहिली. दुसऱ्यांदा तिने लाथ झाडली तेव्हा मला भाजल्याचा वास आला, आणि तो मात्र मी ओळखला.

चष्मा काढला तर पायावर तेल चमकत होतं. काकांनी पहाटे चोळलं होतं. लवकर बरी व्हावी म्हणून. हिचा उजेडही असू दे आणि आपलं तेलही असू दे, असा त्यांचा हिशेब. मला सांगायला लाजले, शिकलेली पोर हसेल म्हणून. दोन दिवसांत फोड आले, मग तळहाताएवढं कातडं सुटलं. डॉक्टर आले, मलाही बोलावलं. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? मी तोंड उघडलंही होतं, खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले. "माजीच चूक हाय सायेब. मी बिब्बा चोळलावता. हिच्या बाबानंच शिकवलंता मला. पण हिला सांगाया पायजे व्हतं, ते न्हाय सांगितलं." डॉक्टर भडकले. सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर त्यांना नको नको ते बोलले: जनावर मारायचंय का, अडाणीपणाला काही सीमा आहे की नाही. काका मान खाली घालून ऐकत होते. मला वास आला होता, मी थांबले होते, घोडीने सांगितलं तरी मी ऐकलं नव्हतं. यातलं एक अक्षर मी बोलले नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा इलाज नव्हता, लोक असे वागतात त्याला तुम्ही काय करणार!" आणि मी मान हलवली.

जखम भरते आहे. पाय वाचला, पर्यटकांचा हंगाम बुडला, एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण काकांनी घोडीला हात लावणं सोडलं. सुनेने मला सांगितलं. चंदी तीच घालते, पाणी तीच दाखवते. काका ओट्यावर बसून लांबून बघतात. घोडी त्यांच्याकडे बघून खिंकाळते तर उठून आत जातात. "माज्या हाताला आता काय कळत न्हाय," म्हणतात. पन्नास वर्षं घोड्यांत काढलेला माणूस, बाबा. मी एक वाक्य बोलले तर त्यांचे हात त्यांना परत मिळतील, आणि ते वाक्य माझ्यापाशी आहे. बोलले तर मांडव्यापासून मुरूडपर्यंत कुणी मला दारात उभं करणार नाही, ही भीती आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. माझ्या पाठीमागे कोण उभं होतं ते मला काकांना सांगावं लागेल. त्या दिवसापासून वास पुन्हा आलेला नाही. मी प्रत्येक जनावराचा पाय साबणाने धुते, हुंगते, आणि मला फक्त साबणाचा वास येतो. तुम्ही रागावलात की सुटलात, मला कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार! वाटलं होतं, आधी तुम्हाला लिहिलं की जिभेला वळण पडेल. तसं लिहून काढलं, शेवटचा परिच्छेद बाकी ठेवला आणि आज सकाळी आगरदांड्याला गेले, ठरवून. काका ओट्यावर होते. सुनेने चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय." ते एकदम हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "मला ठाव हाय तू काय बोलनार. तुज्या कामाला बट्टा लागला माज्यामुळं. तुज्या बाबाला काय त्वांड दाखवू मी? एकदा माफ केलं म्हन, बाय." डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. घोडी पलीकडे उभी होती. मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले.

बाबा, मी म्हटलं, माफ केलं.