कपाटाचं दार

आई,

मी कामाला निघालेय. चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते. तुमच्या लग्नातल्या कपाटाचं दार मी न विचारता कापलं. चूक माझीच, त्यावर बोलायला मला तोंड नाही.

ओट्यावरच्या पातेल्यात आहे तो चहा नाही, लाकूड चिकटवायचा सरस आहे. गरम करून पिऊ नका.

त्याच दाराच्या दोन फळ्या तासून टेबलावर ठेवल्यात. त्यातली एक मी बनवतेय त्या व्हायोलिनची पाठ होणार. आज संध्याकाळी चिकटवली की मग बदलता येणार नाही. चांगली फळी आवाजावरून ओळखतात म्हणे. मी काल दोन तास ठोकत बसले, काही कळलं नाही. तुमच्या चिरंजीवांना विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही छान." त्यांना दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही! तुम्ही मात्र वाजवून आणलेलं कलिंगड आजवर एकदाही फिकं निघालेलं नाही.

दोन बोटांत कडेला धरून जरा वाजवून बघाल? बोलायला नको. चांगली वाटेल तिच्यावर नुसता चष्म्याचा डबा ठेवा.

तुमची सून

संध्याकाळी सून घरी आली, तर डबा कुठल्याच फळीवर नव्हता. चिठ्ठीखाली सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं:

"दोन्ही बद्द वाजतात. डावी मधे जाड राहिलीय, अजून तासून घे. उजवी फार तासून वाया घालवलीस. एका दाराचं कपाट बरं दिसत नाही, म्हणून दुसरंही काढून ठेवलंय. या वेळी कापताना मला हाक मार."